माझ्या अंगातलं वारं

मी एक वर्ष देवी होते. नववीच्या नवरात्रात झाले ते दहावीच्या पितृपंधरवड्यापर्यंत. आता मी एसटीत कंडक्टर आहे, डेपोत हे सांगितलं की ड्रायव्हर मंडळी हसतात. ‘मॅडम, मग ही गाडी धक्का न मारता चालू करून दाखवा की,’ म्हणतात. हसू देत, मीही हसते. पण ड्यूटी संपवून घरी आल्यावर, पाय धुताना, कधी कधी अजून अंगावर काटा येतो. त्या वर्षी याच पायांवर गावातल्या बायकांनी डोकं टेकवलं होतं आणि त्यांत माझी आईसुद्धा होती.

आमचं गाव भूमच्या बाजूचं. तिकडं घराघरात म्हशी आणि चार घरांआड एक खव्याची भट्टी. आमच्या घरामागं पत्र्याचं शेड होतं, त्यात तीन चुलाणं, त्यांवर तीन मोठ्या कढया. दिवस उजाडला की गडीमाणसं दुधाच्या घागरी आणून ओतायची आणि बाभळीच्या लाकडांचा धूर पत्र्याखाली कोंडायचा. मी त्या शेडातच वाढले म्हणा ना. दूध आटताना आवाज बदलत जातो. आधी नुसती चुळबुळ, मग खदखद, आणि मग एकदम गप. गप झालं की हात थांबवायचा नाही, उलथनं कढईच्या बुडाशी खर्र खर्र फिरवतच राहायचं, नाहीतर खवा लागलाच म्हणून समजा. खवा काढून झाला की कढईला चिकटलेली तांबूस खरवड आम्हा पोरांची. ती गरम खरवड शिळ्या भाकरीवर घेऊन खायची, वर एक हिरवी मिरची. पुढं पंगतीतले काय काय पदार्थ खाल्ले, पण ती चव कशाला म्हणून आली नाही.

भट्टीचा एक नियम होता. बाजूला बसलेल्या बाईनं शेडात पाय ठेवायचा नाही. दूध नासतं म्हणे. चार दिवस भट्टीवरून उठायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन परत उलथनं धरायचं. नासतं का नाही हे कुणी कधी बघितलं नव्हतं, कारण कुणी कधी मोडूनच बघितलं नव्हतं. मी उठले की माझी कढई पारूआत्याकडं जायची. ती दोन हातांनी दोन कढया ओढायची आणि अवाक्षर बोलायची नाही.

पारूआत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं होतं. का, ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. भट्टीवर सगळ्यात जास्त राबायची ती, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची. मी लहानपणी तिला भ्यायचे, खरं सांगते. तिचं तोंड कायम त्या धुराकडं.

आता त्या दिवसांबद्दल लिहायला पाहिजे. पाळी येऊन मला दोन वर्षं झाली होती. आमच्याकडं पाळीबद्दल बोलणं म्हणजे एवढंच: आली का, कापड घे, तिकडं बस. पण ती यायच्या आधी काय होतं, त्यावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं ते फक्त मलाच होतं. चार-पाच दिवस आधी अंग जड व्हायचं, छातीला धक्का लागला तरी कळ यायची, पोटाला नाडी बोचायची. ते एक वेळ परवडलं. पण मनाचं काय व्हायचं! भांडं पडलं तरी डोकं फुटतंय असं वाटायचं. आईनं ‘भाकरी वाढू का’ विचारलं तरी रडू यायचं, आणि नाही विचारलं तर त्याहून जास्त. दोनदा मी ताट भिंतीवर फेकून मारलं. घर माणसांनी भरलेलं, अंगणात म्हशी, शेडात सहा बाया, आणि त्या गर्दीत मला वाटायचं की मी आज नाहीशी झाले तर संध्याकाळच्या धारेपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही. मग पाळी यायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ. आभाळ मोकळं व्हावं तसं. मला माझीच लाज वाटायची. काय झालं होतं मला, आणि आता कुठं गेलं? पुढच्या महिन्यात ते परत यायचं आणि परत मला अगदी नवंच वाटायचं.

नववीच्या नवरात्रात, शुक्रवारी, शेजारच्या घरी देवीची आरती होती. संबळ वाजत होता. उदाचा धूर, बायांची दाटी, आणि मी नेमकी पाळीच्या आधीच्या त्या दिवसांतली. सकाळपासून रडू गळ्याशी दाबून धरलं होतं. ‘आई राजा उदो उदो’ असा गजर झाला, संबळाची काठी जोरात पडली, आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. मी ओरडले. केस सुटले, अंग थरथरायला लागलं, आणि इतके महिने दाबलेलं सगळं रडणं एकदम वर आलं. मला थांबवताच येईना. खरं म्हणजे मला थांबायचंच नव्हतं. बाया मागं सरकल्या. कुणीतरी म्हणालं, ‘वारं आलं गं पोरीला! देवी आली!’ माझ्या कपाळाला मळवट भरला गेला, ओटीत नारळ पडला, आणि बघते तर माझी आई, जिनं सकाळीच मला ‘थोबाड सरळ कर’ म्हणून झापलं होतं, ती माझ्या पायांवर वाकलेली.

लबाडी करत नाही, मला ते आवडलं. कुणीतरी मला बघितलं होतं! चाळीस बाया माझ्याकडं बघत होत्या आणि कुणी ‘रडतीस कशाला’ म्हणत नव्हतं. मी रडतीय म्हणून हात जोडत होत्या. माझं मलाच आश्चर्य वाटत होतं. हे एवढं मोठं काय आहे माझ्यात? मी ढोंग करत नव्हते. मलाही वाटलं, देवीच असणार. एवढं मोठं दुसरं काय असतं?

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी मला आरतीला बसवायला लागले. वारं काही दर वेळी यायचं नाही. महिन्यातून एखाद्याच वारी यायचं. त्याचाही बायांनी अर्थ लावला, ‘खरी देवी उठसूट येत न्हाय, ढोंगी असतंय तेच रोज येतंय.’ बाया प्रश्न विचारायच्या. एकीनं विचारलं, हरवलेली म्हैस कुठं आहे. मी हुंदक्यात ‘पाण्यापाशी’ म्हणाले आणि ती खरंच तळ्यावर सापडली. आता म्हैस हरवली तर ती तळ्यावर नाही तर काय तहसील कचेरीत सापडणार? पण झालं, माझं नाव पंचक्रोशीत गेलं.

आणि मी एकटी पडले. आधी एकटी होतेच, पण आता ते सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं झालं. नंदा माझ्या बाकावर बसायची. ती दुसऱ्या बाकावर गेली. मी विचारलं तर खाली बघून म्हणाली, ‘आई म्हणती तुला पाय लागला तर पाप लागंल.’ डबा खाताना माझ्याभोवती जागा मोकळी सुटायची. बाई मला छडी मारेनात, गणित चुकलं तरी. घरात आई माझ्याशी जपून बोलायला लागली. मला भूक लागली का, झोप झाली का, हे विचारायचं तिनं सोडून दिलं, देवीला काय विचारायचं! अण्णा तर मान वर करून बघेनातच. त्या वर्षात मला कुणी जवळ घेतल्याचं आठवत नाही.

(पंधराएक वर्षांनी नंदा मला माझ्याच गाडीत भेटली, कडेवर पोर. तिकीट देता देता बोलणं निघालं तर म्हणते कशी, ‘संगे, मला बी त्या दिवसात मरावंसं वाटायचं गं. मला वाटायचं मीच वंगाळ हाय.’ एका बाकावर बसणाऱ्या दोघी आम्ही! मी तिथंच दांड्याला धरून उभी राहिले, पुढचा थांबा पुकारायचाही राहून गेला.)

दहावीचं वर्ष लागलं आणि घरात ठरलं की मला माळ घालायची. कवड्यांची माळ. तुळजापूरला गोदाआक्का म्हणून म्हाताऱ्या आराधीण होत्या, त्यांच्या हातून. माळ घालणं वाईट नव्हे. कितीतरी आराधी-आराधिणी मी बघितल्यात, आनंदानं जोगवा मागतात, गातात. पण त्या आपल्या मनानं जातात. मला कुणी विचारलं नाही. ‘देवीचं झाड शाळेत कशाला?’ अण्णा म्हणाले; वारं येतं त्या माणसाला आमच्याकडं झाड म्हणतात. ‘माळ पडली की जोगव्याची परडी घ्यायची, वारावारी चौकी मांडायची. परीक्षा देऊन काय देवीला नोकरी लागणार हाय?’ गोदाआक्कांचा निरोप आला: माळ घटस्थापनेला घालू, त्याआधी पोरीला एकदा आणा, वारं बघते, खरं का खोटं.

त्या आठवड्यात एका दुपारी शेडात मी आणि आत्या दोघीच होतो. दूध गप झालं होतं. मी उलथनं फिरवत रडत होते. शाळेसाठी रडत होते का नुसतीच, मला सांगता आलं नसतं. आत्या कढईतून नजर न काढता म्हणाली, ‘चार दिसांनी तू भट्टीवरून उठशील.’

‘तुला कसं ठाऊक?’

‘तुझी कढई कोण ओढतंय? मीच न्हवं? वारं आलं की तीन-चार दिसांत तुझी कढई माझ्याकडं येती. गेल्या नवरात्रापासनं बघायलीय. एक डाव चुकलं न्हाय. देवीला काय तुझी पाळी इचारून यावं लागतंय व्हय?’

माझा हात थांबला. तिनं माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि दोन्ही कढया ओढायला लागली. म्हणाली, ‘मला बी असंच व्हायचं. सासरी. चार दिस आधी डोकं फिरायचं, भांडी फेकायची मी, रडायची. तिथं म्हणले, बाहेरचं हाय हिच्या अंगात. सोनारीला न्हेलं भैरवनाथाला, धूर दिला, केसं धरून हलिवलं. पाळी आली की मी बरी व्हायची, मग म्हणायचे, भूत गेलं. फुडल्या महिन्यात पुन्हा. तीन वर्षं केलं त्यांनी, मग आणून सोडलं.’ खवा गोळा व्हायला लागला होता, ती तो कडेनं सोडवत होती. ‘लेकीला आलं की देवी, सुनंला आलं की भूत. आन् हाय ते एकच, बघ.’

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी ऐकून थक्क झालेय, पण त्या दुपारइतकी कधी नाही. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. लगेच मागून भीती आली, की म्हणजे माझ्यात देवी नाहीच. आणि मग हे लक्षात आलं की महिन्याच्या महिन्याला, कुणी न सांगता, माझं शरीर एक हिशेब बरोबर पाळतंय, आत्याचं पाळत होतं, आणि कुणास ठाऊक आणखी किती जणींचं पाळत असेल. देवी येण्यापेक्षा मला तेच जास्त अद्भुत वाटलं. अजूनही वाटतं. पुढं नळदुर्गच्या दवाखान्यात एका डॉक्टरीण बाईंनी मला नीट समजावलं, की पाळीच्या आधीचा हा त्रास ओळखीचा आहे, फार झाला तर त्यावर इलाज आहे, अंगावर काढू नये. मी त्यांना म्हणाले, ‘मला हे माझ्या आत्यानं खवा ढवळताना सांगितलंय.’

मी आत्याला म्हणाले, ‘तू सांग की अण्णांना.’

‘माझं कोण ऐकणार? टाकलेल्या बाईचं?’ मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत मिस्कील काहीतरी चमकलं. ‘तुझं ऐकत्याल. तू देवी हाईस न्हवं? हाईस तवर बोलून घे.’

तिनंच आईला सांगितलं, की परवाच जाऊ, परवा वारं हमखास येईल. आई म्हणाली, ‘पितृपाठात कुठं वन्सं?’ पण वारं यायलाच पाहिजे होतं, म्हणून तयार झाली. अण्णा, आई, आत्या आणि मी, उस्मानाबादला गाडी बदलून तुळजापूरला पोचलो. (तेव्हा उस्मानाबादच म्हणायचे. आता मी गाडीत धाराशिव पुकारते आणि म्हातारी माणसं तरीही जुन्याच नावाचं तिकीट मागतात.) गाडीत मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून बसले होते. अंग जड, डोळे भरलेले. सगळं वेळेवर चाललं होतं.

दर्शनाला गेलो तर गाभाऱ्यातलं सिंहासन रिकामं. नवरात्राआधी देवीला निद्रा असते हे मी ऐकून होते, पण बघितलं कधी नव्हतं. देवी बाजूला पलंगावर आडवी होती, पांघरूण घेऊन. जिच्या नावानं डोंगर दणाणतो, ती निजलेली. आणि लोक तिच्यावर रागावले नव्हते. कुणी म्हणत नव्हतं, ऊठ, थोबाड सरळ कर. रांगेत लोक आपसांत हळू बोलत होते. माझ्यापुढच्या बाईनं पोराच्या तोंडावर हात ठेवला, ‘गप, आई निजलीय.’ मी हात जोडायचेही विसरले. नुसती बघत राहिले. मागून रेटा आला तेव्हा आत्यानं दंडाला धरून मला पुढं नेलं.

गोदाआक्कांचं घर खालच्या गल्लीत होतं. सुरकुतलेल्या, ठेंगण्या बाई. गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले. देवीच्या गादीसाठी बायका कापूस पिंजतात, तिथं त्या आदल्या दिवशी बसल्या होत्या. मी त्या तंतूंकडं बघत असताना त्यांनी विचारलं, ‘काय बघतीस?’

मी विचारलं, ‘देवी का निजती?’

‘नऊ दिस लढायचं असतंय बाई. आधी अंग टाकावं लागतंय.’

मग अंगणात मला पाटावर बसवलं. संबळवाला होता, दोन पुजाऱ्यांच्या घरची माणसं होती, शेजारपाजारचे बाप्ये कट्ट्यावर बसलेले. मळवट भरला. संबळ सुरू झाला, आणि खरं सांगते, ते आलं. पोटातून वर चढायला लागलं, ओळखीचं, आख्ख्या वर्षाचं. माझे खांदे हलले. आईनं हात जोडले. ‘उदो उदो’ झालं. फक्त सोडून द्यायचं होतं मला स्वतःला, की माळ पक्की झाली असती आणि शाळा संपली असती. गोदाआक्का पुढं झाल्या, त्यांनी माझी हनुवटी धरली आणि वारं आलेल्याला विचारतात ते विचारलं, ‘कोन हाईस तू? बोल! कोन हाईस?’

याला एकच उत्तर असतं, तुळजापूरची भवानी. वर्षभर मी तेच देत आले होते. मी डोळे उघडले. थरथरत होते, रडत होते, आणि त्या रडण्यातूनच बोलले, ‘मी संगीता हाय. दहावी ब. मला दर महिन्याला पाळीच्या आधी असंच होतंय. लई रडू येतंय, लई एकटं वाटतंय. आज हाय, दोन दिसांनी पाळी येईल आन् जाईल. मला शाळंत जायचंय.’

संबळ थांबला. बाप्यांसमोर ‘पाळी’ म्हणाले होते मी, देवीच्या गावात! कट्ट्यावरच्या एकानं तोंड फिरवलं. अण्णांचा चेहरा तांबडालाल झाला, ते उठलेच. ‘कार्टे,’ एवढंच ओरडले. मला वाटलं आता मार बसतोय. पण गोदाआक्कांनी माझी हनुवटी सोडली नव्हती.

‘बसा खाली,’ त्या अण्णांना म्हणाल्या. ‘साठ वर्षं वारं बघतीया मी. खरं बघितलं, खोटं बी बघितलं. हितं कुणी आलेलं न्हाय. ही तुमची लेक हाय आन् दमलीया. घरी न्या. शाळंत घाला. आन् त्या दिसात निजू द्या की तिला जरा. देवीला देताव न्हवं?’

अण्णा बसले. नारळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘चला, गाडी चुकंल.’ आमच्या अण्णांची माफी म्हणजे एवढीच. पण दुसऱ्या दिवसापासून शाळा सोडायचा विषय कुणी काढला नाही, आणि माझी पाळी म्हणाल तर तिसऱ्या दिवशी सकाळी आली, ठरल्या गाडीसारखी.

परतीच्या गाडीत अण्णा पुढं बसले आणि आम्ही तिघी मागच्या लांब बाकावर. मधे मी. मळवट पुसलेला, केस तसेच मोकळे. स्टँड सोडल्यावर आईनं माझी मान धरून वळवली, ‘बांध ते केस, झिंज्या मिरवत निघाली भवानी,’ असं म्हणाली आणि जीभ चावली. मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. माझे केस विंचरायला फणी नव्हती. बोटांनीच गुंता काढत बसली. गुंता काढता काढता, माझ्या डोक्यावरून, तिनं आत्याला विचारलं, ‘वन्सं, तुमाला बी असंच व्हायचं?’

आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. वीस वर्षं ती त्या घरात होती आणि हे तिला कुणी विचारलं नव्हतं. गाडीचा खडखडाट एवढा, मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

‘व्हय,’ ती म्हणाली. आणि मग, आईचा हात धरून, ‘लई.’